फोडणी दिली की अलार्म वाजतो: अमेरिकेतल्या घरांसाठी स्मोक अलार्मचे नियम

न्यू जर्सीतल्या आमच्या पहिल्या भाड्याच्या घरात स्मोक अलार्म शेगडीपासून जेमतेम पाच फुटांवर होता. आई सहा महिन्यांसाठी आली. पहिल्याच दिवशी तिने आमटीला लसणाची फोडणी दिली, वर दोन सुक्या मिरच्या टाकल्या, आणि छतावरून असा कर्कश आवाज सुरू झाला की ती पळी हातात धरून जागच्या जागी उभी राहिली. आठवडाभर रोज हेच चाललं. शेवटी नवऱ्याने स्टुलावर चढून त्या गोल डबीला प्लॅस्टिकची पिशवी बांधली, वर रबर बँड. घरात शांतता झाली आणि ती पिशवी चार महिने तशीच राहिली. त्या चार महिन्यांत रात्री आग लागली असती तर आम्हाला उठवणारं घरात काहीच नव्हतं.

नंतर ओळखीच्यांत विषय काढला, तेव्हा कळलं की हे घरोघरी होतं. कोणी बॅटरी काढून ड्रॉवरमध्ये ठेवलेली असते. कोणी सत्यनारायणाच्या पूजेपुरता अलार्म उतरवतं आणि परत लावायचं राहून जातं. मी तेव्हा नियम वाचायला बसले. कलमं, उपकलमं, अपवाद आणि अपवादाला अपवाद, असा तो मजकूर आहे. पण त्यातच आमच्या प्रश्नाचं उत्तर होतं. स्वयंपाकाचा धूर सगळ्यांच्याच घरात होतो आणि नियम लिहिणाऱ्यांनी त्याचा विचार केलेला आहे. शेगडीपासून किती फुटांवर कुठल्या प्रकारचा अलार्म लावायचा, हे आकड्यांत लिहून ठेवलेलं आहे. पिशवी बांधायची वेळ यावी असा तो नियमच नाही.

नियम नेमका कोणाचा?

अमेरिकेत घरबांधणीचा एकच देशव्यापी कायदा नाही. इंटरनॅशनल कोड कौन्सिल ही संस्था दर तीन वर्षांनी ‘इंटरनॅशनल रेसिडेन्शिअल कोड’ काढते. एक किंवा दोन कुटुंबांच्या घरांसाठी आणि टाउनहाउससाठी, म्हणजे भिंतीला भिंत लागून ओळीने बांधलेल्या घरांसाठी, ही नमुना नियमावली आहे, आणि तिच्यातला एक विभाग स्मोक अलार्मचा; २०२१ च्या आवृत्तीपर्यंत त्याचा क्रमांक आर-३१४ होता. दुसरी संस्था नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन. तिचं ‘एनएफपीए ७२’ हे अलार्म यंत्रणेबद्दलचं पुस्तक. अलार्म भिंतीवर कुठे, छतावर कुठे, आवाज केवढा, अशा बारकाव्यांसाठी ते बघतात. या दोन्ही खासगी संस्था आहेत. त्यांनी लिहिलं म्हणून कोणावर काही बंधनकारक होत नाही. राज्य त्यातली एखादी आवृत्ती उचलतं, काही कलमं गाळतं, काही बदलतं, आणि मग तो कायदा होतो. काही राज्यांत शहर किंवा काउंटी त्यात आणखी भर घालते.

आपल्याकडच्या नॅशनल बिल्डिंग कोडचं असंच आहे. तो पुस्तक म्हणून देशाचा, पण बंधन येतं ते राज्याच्या किंवा महापालिकेच्या नियमावलीतून. हे लक्षात घेतलं की ‘टेक्ससमधल्या मावशीकडे वेगळं सांगितलं आणि आमच्याकडे वेगळं’ याचा उलगडा होतो. दोन्ही बरोबर असू शकतं.

त्यातही एक घोळ नेहमी होतो. नवीन घर बांधताना लागणारा नियम वेगळा आणि आधीपासून उभ्या असलेल्या घराचा वेगळा. नव्या घराला बिल्डिंग कोड लागतो. जुन्या घराला बहुतेक वेळा ते बांधलं गेलं त्या काळचा नियम, आणि त्यावर राज्याने मागाहून घातलेल्या अटी. नेटवर ‘प्रत्येक बेडरूममध्ये हवाच’ असं वाचून जुनं घर घेतलेला माणूस गोंधळतो तो इथेच. म्हणून कोणतीही अट वाचताना आधी बघावं की ती कुठल्या घरासाठी आहे.

कुठे लावायचे?

नमुना कोड नव्या घरासाठी तीन जागा सांगतो. प्रत्येक झोपायच्या खोलीत एक. झोपायच्या खोल्यांच्या बाहेर, त्यांना लागून असलेल्या पॅसेजमध्ये एक. आणि प्रत्येक मजल्यावर किमान एक. मजल्यांत बेसमेंट धरायचं, राहण्याजोगा माळा धरायचा. नुसती अडगळ टाकायची पोकळी धरायची नाही. म्हणजे वर तीन बेडरूम, खाली हॉल-किचन आणि त्याखाली बेसमेंट अशा आपल्या ओळखीच्या टाउनहाउसमध्ये वर चार, खाली एक आणि बेसमेंटमध्ये एक, असे सहा होतात.

एवढे कशाला, असं पहिल्यांदा मलाही वाटलं होतं. त्याचं कारण झोपेत आहे. जळकट वासाने आपल्याला जाग येईल असं आपण धरून चालतो. झोपेत वासावर असा भरवसा ठेवता येत नाही, जाग येते ती आवाजाने. अमेरिकेत घरांना लागणाऱ्या आगींपैकी रात्री अकरा ते सकाळी सात या वेळेतल्या आगी थोड्या, साधारण पाचातली एक. पण आगीतले जवळपास निम्मे मृत्यू याच वेळेत होतात. बेडरूमचं दार बंद असेल तर पॅसेजमधल्या अलार्मचा आवाज आत येईपर्यंत बराच दबतो. आग बेडरूममध्येच लागली असेल, म्हणजे गादीपाशी किंवा चार्जरपाशी, तर बंद दाराबाहेरच्या अलार्मला धूर उशिरा कळतो. सुरुवातीचे नियम फक्त बेडरूमबाहेरचा एक अलार्म मागायचे. मग प्रत्येक मजल्यावर आला आणि १९९० च्या दशकात नव्या घरांसाठी बेडरूमच्या आतही आला.

याच क्रमाने दुसरी अट आली, जोडणीची. घरात एकापेक्षा जास्त अलार्म असतील तर एक वाजला की सगळे वाजले पाहिजेत. बेसमेंटमध्ये ड्रायरजवळ धूर झाला तर दोन मजले वर झोपलेल्या आजी-आजोबांच्या उशापाशी आवाज व्हायला हवा, हा त्याचा अर्थ. ही जोडणी वायरने करता येते किंवा बिनतारी. बदलताना एक पथ्य पाळायचं: वेगवेगळ्या कंपन्यांचे अलार्म बहुधा एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे एकच बदलायचा असेल तर जुळणारं मॉडेल बघूनच आणावं.

वीज कुठून घ्यायची, तर नव्या घरात भिंतीतल्या वायरिंगवरून, शिवाय आत बॅटरी. वीज गेली तरी अलार्म जिवंत राहावा म्हणून बॅटरी, आणि बॅटरी बदलायची विसरली तरी तो जिवंत राहावा म्हणून वायरिंग.

फोडणी आणि धूप: दोन वेगळे धूर

आता मुख्य गोष्ट. छतावरच्या त्या डब्या बाहेरून सारख्या दिसतात, पण आत दोन वेगळ्या रीती असतात.

एक आयोनायझेशनची. आत अमेरिशिअम-२४१ या किरणोत्सारी पदार्थाचा कणभर अंश असतो, एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी. त्याच्या किरणांमुळे दोन पट्ट्यांमधल्या हवेतून अगदी क्षीण विद्युतप्रवाह वाहत राहतो. धुराचे कण आत शिरले की तो प्रवाह मंदावतो आणि भोंगा वाजतो. ही रीत अगदी बारीक, डोळ्याला न दिसणाऱ्या असंख्य कणांना चटकन ओळखते. कागद, कापड भडकन पेटतं तेव्हा असे कण निघतात. आणि कडकडीत तापलेल्या तेलातूनही तसेच निघतात. आमच्या आईच्या फोडणीला वाजणारा तो हाच.

दुसरी फोटोइलेक्ट्रिकची. ही समजायला माजघरातला कवडसा आठवावा. कौलातून उन्हाची तिरीप आली की एरवी न दिसणारी धूळ तिच्यात चमकायला लागते. या अलार्मच्या आत तशीच एक प्रकाशाची तिरीप असते, आणि प्रकाश ओळखणारा डोळा तिच्या वाटेत नसतो, बाजूला असतो. एरवी त्याला अंधार. धूर शिरला की कणांवरून प्रकाश विखुरतो, थोडा त्या डोळ्यात जातो आणि अलार्म वाजतो. ही रीत जाडसर कणांना, म्हणजे धुमसणाऱ्या आगीच्या धुराला लवकर ओळखते. सोफ्याच्या फटीत पडलेली सिगरेट, तापून वितळणारी वायर, असा तो धूर. झोपेत जीव घेणाऱ्या आगी पुष्कळदा अशाच तासन्‌तास धुमसत वाढतात.

पूजेचा ऊद किंवा धूप मात्र धुमसणाराच धूर आहे. त्यामुळे ज्यांनी फोडणीला वैतागून फोटोइलेक्ट्रिक लावला, त्यांचा अलार्म वास्तुशांतीला वाजेल. त्यात अलार्मचा दोष नाही, तो त्याचं काम करतोय. त्या दिवसासाठी वेगळी तयारी लागते, ती पुढे सांगते.

आता आकडे. नमुना कोड म्हणतो की कायम बसवलेल्या शेगडीपासून आडव्या अंतराने आयोनायझेशनचा अलार्म किमान २० फूट दूर हवा. त्याला आवाज तात्पुरता थांबवायचं बटण असेल तर १० फूट चालतं. फोटोइलेक्ट्रिक असेल तर ६ फूट पुरतात. घर इतकं लहान असेल की अंतर पाळलं तर अलार्म लावायच्या सक्तीच्या जागीच लावता येणार नाही, तर अंतरात सूट आहे. जागेत सूट नाही. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. त्रास कमी करा, पण त्रासापायी अलार्म गायब करू नका, असं त्या एका अपवादात सांगितलेलं आहे.

न्हाणीघराचंही तसंच आहे. टब किंवा शॉवर असलेल्या बाथरूमच्या दारापासून तीन फूट लांब. गरम पाण्याची वाफ अलार्मला धुरासारखीच वाटते. छताच्या पंख्याच्या पात्याच्या टोकापासून तीन फूट आणि गरम-थंड हवा सोडणाऱ्या जाळीपासूनही तीन फूट, कारण तिथल्या वाऱ्याने धूर अलार्मपर्यंत पोहोचत नाही. भिंतीवर लावायचा असेल तर छतापासून एक फुटाच्या आत. धूर आधी वर चढतो आणि छताखाली पसरत जातो. डोळ्यांच्या उंचीवर लावलेल्या अलार्मकडे तो फार उशिरा उतरतो.

आमच्या त्या घरात आम्ही शेवटी मेंटेनन्सच्या माणसाला बोलावलं. त्याने वर चढून पाठीमागची चिठ्ठी वाचली. आयोनायझेशन, आणि तयार झाल्याला तेरा वर्षं झालेली. अलार्मचं आयुष्य तयार झालेल्या तारखेपासून दहा वर्षं, विकत घेतल्यापासून नव्हे. ती तारीख पाठीवर छापलेली असते. म्हणजे पिशवी बांधायच्या आधीपासूनच तो बदलायला झाला होता. त्याने दहा मिनिटांत फोटोइलेक्ट्रिक आणून तो पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला लावला. त्यानंतर आईच्या फोडण्या बिनघोर झाल्या.

अलार्म बनवणाऱ्यांसाठीचं मानक, यूएल २१७, हेही मधल्या काळात बदललं. त्याच्या आठव्या आवृत्तीत दोन प्रकारच्या नवीन कसोट्या आल्या. हल्लीच्या गाद्या-सोफ्यांतला पॉलीयुरेथेन फोम पेटला किंवा धुमसला तर अलार्मने वेळेत वाजलं पाहिजे; आणि हॅम्बर्गर भाजताना होणाऱ्या धुराला, तो एका मर्यादेपलीकडे जाईपर्यंत, वाजता कामा नये. कसोटी हॅम्बर्गरची असली तरी फायदा आपल्यालाही आहे. नवीन अलार्म घेताना खोक्यावर स्वयंपाकाचे उगाच वाजणारे अलार्म कमी करतो, अशी नोंद आहे का ते बघावं.

फोमचा मुद्दा साधा नाही. १९७० च्या दशकातल्या चाचण्यांत भडकणारी आग लागल्यावर बाहेर पडायला सरासरी १७ मिनिटं मिळत होती. २००० नंतर नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजीने तशाच चाचण्या पुन्हा केल्या, तेव्हा हाती राहिली जेमतेम ३ मिनिटं. लाकूड-कापसाच्या जागी आलेला फोम फार वेगाने पेटतो, हे त्याचं मोठं कारण. या ३ मिनिटांतच जाग यायची, पोरं उचलायची, जिना उतरायचा.

जुनं घर, भाडं आणि घरविक्री

न्यू जर्सीचं उदाहरण घेते, कारण ते मला जवळून माहीत आहे आणि एडिसन, जर्सी सिटी, प्लेन्सबरो भागात मराठी घरं पुष्कळ. इथे बांधकामाचा कोड राज्यभर एकच आहे, अंमलबजावणी टाउनशिपची, म्हणजे गावाच्या स्थानिक प्रशासनाची. एक-दोन कुटुंबांचं घर किंवा टाउनहाउस विकताना, भाड्याने देताना किंवा राहणारी माणसं बदलताना एक दाखला लागतो. स्मोक अलार्म, कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म आणि अग्निशामक सिलिंडर जागेवर आहेत, असा तो दाखला. टाउनशिपचा फायर इन्स्पेक्टर येऊन बघतो. अर्ज जितका उशिरा, तितकी फी चढत जाते. म्हणून क्लोजिंगच्या, म्हणजे घरविक्रीचा व्यवहार पुरा व्हायच्या, आदल्या आठवड्यापर्यंत थांबू नये. दाखला सहा महिने चालतो.

जुन्या घरात इथे किमान अट अशी: प्रत्येक मजल्यावर एक, आणि झोपायच्या खोल्यांच्या बाहेर, त्यांच्यापासून १० फुटांच्या आत एक. बेडरूमच्या आतली सक्ती बांधताना ज्यांना होती त्यांनाच. १ जानेवारी २०१९ पासून नुसत्या बॅटरीवर चालणारा अलार्म दहा वर्षं टिकणाऱ्या सीलबंद बॅटरीचाच लागतो. ही बॅटरी काढताच येत नाही, आणि हाच त्यातला विचार आहे. अमेरिकेत अलार्म असूनही न वाजलेल्या आगींचा अभ्यास झाला, तेव्हा पाचांतल्या दोनाहून जास्त वेळा बॅटरी काढलेली किंवा निखळलेली सापडली. घरातल्या आगीत जाणाऱ्या दर पाच जणांपैकी जवळपास तीन जण अशा घरांत जातात, जिथे अलार्म नव्हता किंवा होता तो चालू नव्हता.

वायरिंगवरचे अलार्म असलेल्या घरात ते काढून बॅटरीवाले लावले तर इन्स्पेक्टर नापास करतो. स्वस्तात पडतं म्हणून हे करणारे पुष्कळ आहेत, आणि मग क्लोजिंगच्या तोंडावर इलेक्ट्रिशियन शोधत फिरतात. एकदा जे संरक्षण बांधून दिलं ते खाली आणायचं नाही, हे तत्त्व जवळपास सगळीकडे आहे.

शेजारच्या न्यूयॉर्क शहरात अंतर १० ऐवजी १५ फूट आहे, आणि अलार्म बसवायची जबाबदारी घरमालकाची. मॅसॅच्युसेट्समध्ये जुन्या घरांना किचन किंवा शॉवरच्या बाथरूमपासून २० फुटांच्या आत लावायचा असेल तर फोटोइलेक्ट्रिकच लागतो. म्हणजे आमच्या फोडणीचा प्रश्न तिथे कायद्यानेच सोडवलेला आहे. कॅलिफोर्नियात घरात एक हजार डॉलरहून जास्तीचं परवान्याचं काम काढलं, तर अलार्म नियमाप्रमाणे असल्याशिवाय ते काम अंतिम मंजूर होत नाही.

यावरून बेसमेंटची गोष्ट आठवली. आपली माणसं घर घेतात आणि दोन वर्षांत बेसमेंट बांधून घेतात, आई-बाबांसाठी खाली एक खोली काढतात. नमुना कोडप्रमाणे घरात झोपायची खोली वाढवली किंवा परवाना लागेल असं आतलं काम काढलं, तर अलार्म सगळ्या घराचे बघितले जातात, फक्त नव्या खोलीचे नव्हे. छत उघडलं जाणार नसेल तिथे नवीन वायरिंगची सक्ती सहसा नसते, बॅटरीवरचे चालतात. न्यू जर्सीत जुन्या इमारतींच्या कामासाठी कोडचा वेगळा उपविभाग आहे, म्हणून परवान्याच्या वेळीच कचेरीत विचारून घ्यावं. पण परवाना न काढता बेसमेंटमध्ये आई-वडिलांना झोपवणं, जिथे बाहेर पडायला खिडकीही नाही आणि वरच्या अलार्मशी जोडलेला अलार्मही नाही, हे कृपा करून कोणी करू नये.

उगाच वाजणारा अलार्म

९ जानेवारी २०२२ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात एका १९ मजली इमारतीत खोली तापवायच्या विजेच्या हीटरमुळे आग लागली. १७ माणसं गेली, त्यात ८ मुलं. आग एका घरापुरती आणि बाहेरच्या पॅसेजपुरतीच होती, पण त्या घराचं आपोआप बंद व्हायला हवं असलेलं दार उघडं राहिलं आणि धूर जिन्यांतून वर चढला. अलार्म वाजले होते. वाचलेल्या रहिवाशांनी नंतर सांगितलं की त्या इमारतीत अलार्म इतक्या वेळा विनाकारण वाजत, की सुरुवातीला अनेकांनी लक्षच दिलं नाही.

मी ती बातमी वाचली तेव्हा मला आमची पिशवी आठवली. आम्ही आवाज बंद केला होता, त्यांनी तो ऐकणं सोडून दिलं होतं. दोन्हींच्या मुळाशी उगाच वाजणारा अलार्म होता. म्हणून अलार्म चुकीच्या जागी असेल तर तो हलवून घेण्याबद्दल मी इतकी आग्रही आहे. घरमालकाला लेखी कळवावं, अलार्मचा प्रकार आणि शेगडीपासूनचं अंतर मोजून लिहावं. आकडा लिहिला की उत्तर लवकर येतं. स्वतः काढू मात्र नये. अलार्म निकामी करणं बहुतेक भाडेकरारांत करारभंग धरलं जातं आणि अनेक ठिकाणी दंड आहे.

आणि रोजचं काय? अपार्टमेंटच्या पुष्कळ शेगड्यांवरचा एक्झॉस्ट हवा बाहेर टाकतच नाही. जाळीतून गाळून पुन्हा किचनमध्येच सोडतो. त्याच्या भरवशावर राहू नये, खिडकी उघडावी, तेल धुरावेपर्यंत तापवू नये. अलार्म वाजलाच तर आवाज थांबवायचं बटण दाबावं. त्याने अलार्म थोडा वेळ, साधारण दहा मिनिटं, कमी संवेदनशील होतो आणि मग आपोआप पूर्ववत होतो. माणसाने लक्षात ठेवून परत लावायचं काही उरत नाही, हीच त्या बटणाची खरी किंमत. पूजेच्या दिवशीही हेच: खिडक्या उघड्या, धूप अलार्मपासून लांब, आणि अलार्म जागेवर. होम करायचा असेल तर मंदिरात किंवा अंगणात.

मोठ्या इमारतीत एक चूक हमखास होते. घरात धूर झाला की आपण पुढचं दार उघडतो. घरातला अलार्म बहुधा फक्त आपल्या घरापुरता असतो, पण बाहेरच्या पॅसेजमधला डिटेक्टर इमारतीच्या पॅनेलला जोडलेला असतो. आपला धूर तिथे गेला की सगळी इमारत वाजते, लोक थंडीत खाली उतरतात, बंब येतो. खिडकी उघडायची, पॅसेजचं दार नाही.

आवाजांचे अर्थही एकदा शिकून ठेवावेत. तीन बीप, विराम, पुन्हा तीन बीप: धूर. चार झटपट बीप आणि मग लांब विराम: कार्बन मोनॉक्साइड. या वायूला वास नसतो, त्यामुळे काही दिसत नाही म्हणून आत थांबू नये, बाहेर पडून ९११ ला फोन करावा. मिनिटा-मिनिटाला एकच चुटका आवाज म्हणजे बॅटरी संपत आली किंवा अलार्मचं आयुष्य संपलं. हा चुटका पहाटे तीनलाच का सुरू होतो, याचं कारण खरं आहे: रात्री घर थंड होतं आणि थंडीत बॅटरीचा विद्युतदाब उतरतो. सकाळी घर तापलं की आवाज थांबतो आणि आपण विसरून जातो. त्याच दिवशी बदलावी. महिन्यातून एकदा चाचणीचं बटण दाबावं, धूळ पुसावी, भिंती रंगवताना त्याच्यावर रंग मारू देऊ नये. परवडत नसेल त्यांच्याकडे अमेरिकन रेड क्रॉसचे स्वयंसेवक येऊन मोफत अलार्म बसवून देतात. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना आणि एकट्या राहणाऱ्या वयस्करांना हे जरूर सांगा.

आई गेल्या वर्षी पुन्हा आली, आता आमच्या टाउनहाउसमध्ये. सहाही अलार्म एकमेकांना जोडलेले. पहिल्या तारखेला मी दुपारी ती झोपलेली असताना, तिला आधी सांगून ठेवून, बेसमेंटमधलं बटण दाबलं. सगळं घर दणाणलं. वर जाऊन दार उघडलं, तर तिच्या खोलीतला अलार्म डोक्यावर वाजत होता आणि आई कुशीवर वळून झोपलेली. नेहमीच्या अलार्मचा आवाज ३००० हर्ट्झच्या आसपास असतो, आणि वयानुसार कान नेमके त्या चढ्या पट्टीचे आवाज आधी सोडतात. एनएफपीए ७२ मध्ये कमी ऐकू येणाऱ्यांच्या झोपायच्या खोलीसाठी ५२० हर्ट्झचा खालच्या पट्टीचा आवाज सांगितला आहे. आम्ही तो देणारी डबी मागवली. ती उशाशी ठेवायची असते. छतावरच्या अलार्मचे तीन बीप ऐकले की ती घोगऱ्या आवाजात वाजते आणि गादीखालची चकती थरथरते. पुढच्या पहिल्या तारखेला मी पुन्हा बेसमेंटमध्ये बटण दाबलं. मी जिना चढून वर पोहोचेपर्यंत आई चष्मा लावून दारात उभी होती.